सीताखाईचे कडे आणि धबधब्यातील दोर

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवरील तोरणमाळच्या पठाराची कड जिथे एकाएकी तुटते, तिथे सीताखाई ही खोल दरी असून पावसाळ्यात तिच्या कड्यांवरून धबधबे कोसळतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांपासून बनलेल्या या काळ्या पाषाणातील मऊ थर पाण्याने आधी झिजतात आणि वरचा कठीण थर आधार सुटून ढासळतो, म्हणूनच असे उभे कडे व त्यांच्या पायथ्याचे डोह घडतात.

अशा कड्यांमधील घळ प्रवाहातूनच उतरण्याला कॅन्यनिंग आणि त्यातील दोरावरून उतरण्याच्या तंत्राला रॅपलिंग म्हणतात. कमरेच्या हार्नेसला, म्हणजे पट्ट्यांच्या जोडणीला, डिसेंडर नावाची धातूची कडी अडकवलेली असते. तिच्यातून वळवलेल्या दोराचे घर्षण आणि खालच्या हाताची पकड यांवर उतरण्याचा वेग ठरतो. कोरड्या कड्यावर दोराच्या टोकाची गाठ जीव वाचवते, परंतु धबधब्याखाली तीच घातक ठरू शकते, कारण डोहात पोचलेला माणूस तिच्यामुळे दोरातून न सुटता पाण्याच्या माऱ्याखाली अडकतो. म्हणून तेथे दोर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतच, गाठीविना सोडतात आणि वरची बांधणी ताणाखालीही सैल करता येईल अशी ठेवतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील साम्रदजवळची सांधण घळ पाणी ओसरल्यावरच उतरतात, कारण वरच्या पाणलोटात पडलेल्या पावसाचा लोंढा खाली आकाश निरभ्र असतानाही येऊ शकतो आणि अरुंद भिंतींमधून बाजूला सरकायला वाव नसतो. सीताखाईसारख्या सातपुड्यातील घळींनाही हाच नियम लागू पडतो.