वेत: तोडला तरी पुन्हा फुटतो का?

कुंभकोणमच्या उत्तरेला कोल्लिडम वाहते. तिच्या काठानं समुद्राच्या दिशेनं गेलं की तैक्काल लागतं, वेताच्या सामानासाठी नावाजलेलं गाव. असं सामान बांबूचं समजून घेणारे आपल्याकडेही पुष्कळ. बांबू म्हणजे गवत, बहुतेकदा आतून पोकळ. वेत ताडामाडाच्या कुळातला, आतून भरीव. म्हणून तो न मोडता वाकतो. लिनिअसनं १७५३ मध्ये नाव दिलेला ‘कॅलॅमस रोटँग’ हा वेत दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला.

वेत आधाराच्या झाडाचा रस शोषतो, हेही खरं नाही. त्याची मुळं स्वतःची, जमिनीत. काटेरी आकड्यांनी तो फक्त झाडाला धरून उजेडाकडे चढतो. मोठी झाडं गेली की त्याला चढायला जागाच उरत नाही.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘तोडला तरी पुन्हा फुटतो’. बेट करून वाढणाऱ्या जाती कोवळे कोंब राखले तर फुटतात. पण काही जातींना एकच खोड असतं आणि वाढ शेंड्यातूनच होते. ते खोड छाटलं की रोप मेलं. शिवाय वेतात नर-मादी झाडं वेगळी. फुलण्याआधीच तोड झाली तर बी धरणार कुठून? बी सुकलं की रुजतही नाही, त्यामुळे धान्यासारखं साठवून ठेवता येत नाही.

चांगल्या लांब वेताच्या टंचाईची झळ मराठी आखाड्यालाही लागली. आजचा दोरीचा मल्लखांब मुळात वेताचा. तसा वेत मिळेना, तेव्हा सुती दोर आला.

म्हणून वेताची खुर्ची घेणंच पाप आहे का? मला तसं वाटत नाही. वेतावर पोट असलेल्याला जंगल उभं राहायला हवंच असतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं वेत गौण वनोपजात धरला आहे. तो गोळा करून विकण्याचा हक्क वनवासी समाजाला आहे. कोणतं खोड तोडायचं आणि कोणतं राखायचं, हे मात्र ठरवावंच लागेल.

केरळातल्या पीची इथल्या वन संशोधन संस्थेनं पश्चिम घाटातल्या वेतांवर बरीच वर्षं काम केलं आहे. लागवड करायची तर उभ्या झाडांच्या सावलीत, आणि एकदोन नव्हे, बरीच रोपं एकत्र लावावी लागतात, कारण फुलेपर्यंत नर कोणता आणि मादी कोणती हे कळत नाही.