मंदक म्हणजे ब्रेक नव्हे

औंढा नागनाथला लायगो येतोय म्हटल्यापासून बोरीत चहा पिता पिता अणुभट्टीचा विषय निघतोच. प्रकल्प अणुऊर्जा विभागाचा, म्हणजे भट्टी असणारच, असा हिशेब. तिथे भट्टी नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत लेझर सोडून गुरुत्वीय लहरी टिपायच्या आहेत. हा गैरसमज तिथल्या तिथे मिटतो. दुसरा काही केल्या मिटत नाही, कारण तो शिकलेल्या पोरांकडूनच ऐकू येतो: "मंदक म्हणजे भट्टीचा ब्रेक. पाणी गेलं की ब्रेक फेल, मग तारापूरचं हिरोशिमा!"

नाही हो! मंदक मंद करतो तो न्यूट्रॉनला, केंद्रकं फुटत जाण्याच्या साखळीला नव्हे. उलट साखळी चालते ती त्याच्यामुळेच.

युरेनियम-२३५ चं केंद्रक फुटलं की सरासरी अडीचच्या आसपास न्यूट्रॉन सुटतात, सेकंदाला वीसेक हजार किलोमीटर वेगाने. परभणी-जिंतूर विनाथांबा एसटी बोरीच्या थांब्यावरून धूळ उडवत जाते, कुणाला घेत नाही, तशातली गत. तोच न्यूट्रॉन सेकंदाला सव्वादोन किलोमीटरवर आला, की पुढचं केंद्रक फोडण्याची शक्यता शेकडो पटींनी वाढते.

वेग उतरवायला पाणीच का? अंगणात गोट्या खेळून बघा. गोटी दगडी उंबऱ्यावर आपटली तर तशीच माघारी येते. बरोबरीच्या गोटीवर समोरून बसली तर जागीच थबकते आणि दुसरी सुटते. पाण्यातला हायड्रोजन ही न्यूट्रॉनच्या बरोबरीची गोटी. अठराएक धडकांत काम होतं.

आता पाणी काढा. न्यूट्रॉन वेगातच राहतात, साखळी तुटते. १९६९ पासूनच्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत साधं पाणीच मंदक आहे. वाफ जास्त झाली की साखळी ढिली पडते. रावतभाटा आणि कल्पाक्कमच्या जुन्या भट्ट्या तर बंद करताना मंदक असलेलं जड पाणी खालच्या टाकीत सोडून देत. ब्रेक असता तर ऐन वेळी कुणी तोच काढून टाकला असता का? खरा ब्रेक म्हणजे न्यूट्रॉन गिळणारे बोरॉन, कॅडमियम.

"मग चेर्नोबिल?" तिथे मंदक ग्राफाइट होतं. पाणी थंडाव्याला होतं आणि थोडे न्यूट्रॉन गिळायचं. त्याची वाफ झाली, गिळणारं घटलं, ग्राफाइट जागेवरच; म्हणून साखळी भडकली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाचा १९९२ चा अहवाल याच रचनेवर आणि नियंत्रक कांड्यांच्या सदोष घडणीवर बोट ठेवतो.

भट्टीचा अणुबॉम्ब होतो? बॉम्बच्या युरेनियममध्ये २३५ चं प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात लागतं. तारापूरच्या त्या दोन भट्ट्यांत ते तीन टक्क्यांहून कमी.

न्यूट्रॉन क्षणात वाढतात, आवरायला वेळच मिळत नाही? सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन उशिरा निघतात, काही तर मिनिटाभराने. सगळं नियंत्रण या उशिरा येणाऱ्यांच्या जोरावर चालतं.

आणि समर्थकांचा लाडका भ्रम: साखळी थांबली की धोका संपला. बंद केल्या क्षणीही सहा-सात टक्के उष्णता उरतेच. फुकुशिमात २०११ च्या भूकंपानंतर साखळी वेळेवर थांबली होती; त्सुनामीने पंपांची वीज घालवली आणि या उरलेल्या उष्णतेने इंधन वितळलं. तेव्हा जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या सभेत प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारा: वीज गेल्यावर पाणी कोण फिरवणार, आणि किती दिवस?