पेढीवरील माणसांचे उपबृंहण

गिरणाकाठच्या भडगावात, किंबहुना खानदेशातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या एखाद्या पेढीवर पाऊल ठेवले की निरनिराळ्या घडणीची माणसे एका छताखाली काम करताना दिसतात. वह्या सांभाळणारे वृद्ध दिवाणजी, काट्याजवळ उभा असणारा मदतनीस, गोणी वाहणारे हमाल, संगणकावर बिले करणारा तरुण, गिऱ्हाइकाशी गोड बोलून माल दाखविणारा विक्रेता. या सर्वांची बुद्धी, शिक्षण, वय आणि अंगमेहनतीची ताकद भिन्न असते. मात्र मालकाच्या मनातील मोजमाप बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे तो स्वतः. ‘एवढे साधे यांना कसे कळत नाही?’ असा त्याचा प्रश्न असतो. आपण वडिलांच्या शेजारी बसून दहा-बारा वर्षांत जे शिकलो, ते नोकराने महिन्याभरात शिकावे ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे, याचा विचार क्वचितच होतो.

या प्रश्नाचा विचार आपल्या धर्मात फार सूक्ष्मपणे झालेला आहे. श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ हा एक आहे. जनावर असो वा माणूस, त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे हा व्रताला लागलेला दोष होय. आपण हा अतिचार बैलगाडीपुरता मर्यादित ठेवला आहे. परंतु कापसाच्या हंगामात सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उभ्या असणाऱ्या माणसावर जेव्हा हिशेब, वसुली आणि गोदाम यांचा भार एकदम पडतो, आणि त्यातील दोन कामे त्याला कोणी कधी शिकविलेलीच नसतात, तेव्हा तेही अतिभारारोपणच नव्हे काय?

भार बेताचा ठेवणे ही झाली अर्धी गोष्ट. भार उचलण्याची शक्ती वाढविणे ही उरलेली अर्धी. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतील शेवटची चार अंगे याच कामाची आहेत. उपबृंहण म्हणजे दुसऱ्याच्या गुणांची वाढ करणे, स्थिरीकरण म्हणजे डळमळणाऱ्याला स्थिर करणे, वात्सल्य म्हणजे निरपेक्ष जिव्हाळा, आणि प्रभावना म्हणजे आपल्या आचरणाने धर्माची शोभा वाढविणे. ही अंगे धर्मश्रद्धेच्या संदर्भात सांगितली गेली आहेत हे खरे. तरी जो श्रावक दिवसाचे बारा तास पेढीवर घालवितो, त्याने त्यांचा अभ्यास तेथे नाही करायचा तर कोठे करायचा?

उपबृंहणासाठी प्रथम गुण दिसावा लागतो. एखादा कारकून गिऱ्हाइकापुढे अडखळतो, परंतु त्याच्या खतावणीत पैशाचाही फरक पडत नाही. त्याला काउंटरवर उभे करून रोज बोल लावण्यापेक्षा मालाची आवक-जावक त्याच्याकडे सोपवावी. एखाद्या पोराचे अक्षर वाईट असते, पण कोणत्या शेतकऱ्याचे गाव कोणते, त्याने यंदा काय पेरले, हे त्याला तोंडपाठ असते. त्याला गिऱ्हाइकांत ठेवावे, आणि दुकान वाढविण्यापूर्वी रोज पाच-दहा नोंदी त्याच्याकडून लिहवून घ्याव्यात. गुणावर काम द्यावे, उणिवेवर शिक्षण द्यावे. हा क्रम उलटला की माणूसही नासतो आणि कामही.

स्थिरीकरणाची गरज आपण अलीकडेच पाहिली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि आयुष्यभर रोजमेळ लिहिणाऱ्या अनेक दिवाणजींच्या पायाखालची जमीन सरकली. अशा वेळी वृद्ध दिवाणजी आणि संगणक जाणणारा तरुण यांना शेजारी बसविणे हा शहाणपणाचा मार्ग. तरुण विवरणपत्र भरण्यास शिकवितो. दिवाणजी उधारी कोणाला किती द्यावी आणि कोणाला नम्रपणे नाही म्हणावे, हे शिकवितात. शिकविण्याची रीत साधी असावी. आधी करून दाखवावे, मग बरोबरीने करावे, नंतर त्याला एकट्याला करू द्यावे आणि शेवटी तपासावे. एका वेळी एकच काम.

दिगंबर परंपरेत उपबृंहणाच्या जागी ‘उपगूहन’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ दुसऱ्याचे दोष चारचौघांत उघडे न करणे. गिऱ्हाइकासमोर नोकराचा पाणउतारा करणाऱ्या प्रत्येकाने हा शब्द गल्ल्यावर लिहून ठेवावा. चूक सांगावीच, पण एकांतात, त्याच दिवशी आणि नेमक्या शब्दांत. मात्र उपगूहन म्हणजे लबाडीवर पांघरूण नव्हे. खोटे वजन-माप हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार आहे. तो नोकराने केला काय किंवा मालकाच्या सांगण्यावरून केला काय, तेथे सौम्यता चालत नाही. अकुशलता आणि अप्रामाणिकपणा यांतील भेद ओळखणे हे मालकाचे पहिले कर्तव्य आहे.

आपल्याच जळगाव जिल्ह्यातील एक उदाहरण या संदर्भात आठवावे. जामनेर तालुक्यातील वाकोद येथे 1937 साली जन्मलेल्या भवरलालजी जैन यांनी 1963 मध्ये कुटुंबाच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर केरोसीनविक्री सुरू केली. 1978 मध्ये केळीच्या भुकटीचा कारखाना घेऊन त्यांनी तेथे पपईच्या चिकापासून पपेन बनविले. पुढे पाइप आणि ठिबक सिंचनातून त्यांचे नाव देशाबाहेर गेले. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2016 मध्ये ते निवर्तले. त्यांच्या उद्योगात काम करणाऱ्याला नोकर न म्हणता ‘सहकारी’ म्हणण्याची प्रथा आहे. शब्द बदलल्याने पगार वाढत नाही हे खरे. पण ज्याला आपण सहकारी म्हणतो त्याला शिकविण्याची जबाबदारी आपल्यावर येते, हे नाकारता येत नाही. ठिबकच्या धंद्यातही नुसती नळी विकून भागत नाही. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, त्याची जमीन, पीक आणि ऐपत पाहून त्याला ती वापरावयास शिकवावे लागते. शिकविणे हाच तेथे व्यापाराचा पाया आहे.

आज आपली मुले पुण्या-मुंबईस नोकरीसाठी जात आहेत. पेढी पुढे चालवायची तर ती घरच्या माणसांइतकीच बाहेरच्या माणसांच्या खांद्यांवर चालणार आहे. ज्या पेढीवर वीस वर्षे राहूनही माणूस आला तसाच राहिला, तेथील मालकाने मजुरी दिली असेल, पण वात्सल्य दिले नाही.

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी आपण मालाची मोजदाद करतो. यंदा त्याच वेळी एका कोऱ्या पानावर पेढीवरील प्रत्येकाचे नाव लिहावे आणि त्यापुढे तो या वर्षात नवे काय शिकला ते नोंदवावे. ज्या नावापुढील जागा कोरी राहील, तेथून पुढील वर्षाच्या कामास आरंभ करावा. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना आपण नातलगांची घरे मोजून फिरतो. त्या यादीत दिवाणजींचे आणि हमालाचेही घर असावे.