सरकारी वकिली कीं स्वतंत्र वकिली?

कायद्याची पदवी घेतलेला तरुण नाशिकच्या जिल्हा न्यायालयांत प्रथम पाऊल टाकतो, तेव्हां घरचीं वडील माणसें एकच प्रश्न विचारतात : पैसा कोठें अधिक? प्रश्न रास्त आहे; परंतु अपुरा आहे.

स्वतंत्र वकिलींत आरंभींचीं वर्षें ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं तारखा टिपण्यांत व कागद वाहण्यांत जातात. पुढें अशील जमले तर मिळकतीस सीमा नाहीं. न जमले तर घरभाडेंही जड जातें. सकाळ-संध्याकाळ अशिलांची, आणि रविवारही त्यांचाच.

सरकारी कामाचेही दोन प्रकार आहेत. मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयांतील सहायक सरकारी अभियोक्ता हा लोकसेवा आयोगामार्फत निवडलेला पगारी नोकर. त्याला वेतन नियमित मिळतें; परंतु बदली चुकत नाहीं, आणि खाजगी खटला घेतां येत नाहीं. सत्र न्यायालयांतील जिल्हा सरकारी वकील मात्र निदान सात वर्षें वकिली केलेल्यांतून, जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांच्या विचारानें झालेल्या यादींतून नेमला जातो. त्याचें पद मानाचें, पण मुदतीचें.

पैशाखेरीज आणखी काय द्यावें लागतें, हें जुन्या दोन चरित्रांवरून दिसतें. निफाड येथें १८४२ सालीं जन्मलेले महादेव गोविंद रानडे १८७१ सालीं पुण्यास न्यायखात्याच्या नोकरींत स्थिर झाले. पुण्याच्या सार्वजनिक कार्यांतील त्यांचें वजन सरकारला खुपूं लागलें, आणि १८७८ सालीं त्यांची बदली नाशिकास, पुढें धुळ्यास झाली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं मुंबई हायकोर्टांत स्वतंत्र वकिली पत्करली. १८८५ च्या पहिल्या काँग्रेसमध्यें तेलंग उघडपणें कार्य करीत होते. रानडे तेथें असूनही, सरकारी नोकर म्हणून, प्रतिनिधि होऊं शकले नाहींत. तरी १८८७ पासून सामाजिक परिषदेचें कार्य त्यांनीं नोकरींत राहूनच चालविलें. १८८९ सालीं तेलंग न्यायाधीश झाले, तेव्हां राजकारणाचें व्यासपीठ त्यांनाही सोडावें लागलें. १८९३ सालीं ते वारले, आणि त्यांच्या जागीं रानडे आले. दोन्ही वाटा एकाच आसनापाशीं पोंचल्या. वाटेंत भरावा लागलेला कर मात्र निराळा होता.

सरकारी वकिलाला एक मोकळीक आहे, ती पगारपत्रकांत दिसत नाहीं. आरोपीस शिक्षा मिळवून देणें हें त्याचें काम नसून, सत्य न्यायालयापुढें मांडणें हें आहे. पुरावा लंगडा असेल तर तसें सांगतांना त्याची चूल विझत नाहीं. उलट स्वतंत्र वकिलास न पटणारा खटला नाकारतां येतो, आणि सरकारविरुद्धही उभें राहतां येतें. मात्र त्याची किंमत तो स्वतःच्या मिळकतींतून देतो.

म्हणून ज्या श्रोत्यांच्या घरीं असा तरुण असेल, त्यांनीं पगाराच्या आंकड्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : बाबा रे, तुला बंधन कोणाचें सोसवेल, अशिलाचें कीं सरकारचें?