उत्तरेला जा, कंदील घे

सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने पबजी या गेमवर बंदी आणली, तेव्हा गावोगावच्या पोरांचा जीव कासावीस झाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यातलीही त्याला अपवाद नसावीत. पण अनोळखी माणसांनी एकाच वेळी एका काल्पनिक जगात शिरायचं, टोळी करून लढायचं किंवा एकमेकांना गाठून मारायचं, ही कल्पना त्या पोरांच्या आईबापांएवढी जुनी आहे. तिचा जन्म झाला तेव्हा तिच्यात एकही चित्र नव्हतं. होती ती फक्त अक्षरं.

१९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर एक खेळ लिहायला घेतला. रिचर्ड बार्टल हा त्याचा सोबती. १९८०मध्ये ट्रबशॉने सगळा कारभार त्याच्याकडे सोपवला. खेळाचं नाव मल्टी-यूजर डंजन, म्हणजेच मड. पुढे या जातीच्या प्रत्येक खेळाला मडच म्हणू लागले. एकट्याने खेळायचे शब्दखेळ त्याआधीही होते. त्यांतला आद्य म्हणजे विल क्राउदरचा अ‍ॅडव्हेंचर. क्राउदर प्रोग्रामर होता आणि गुहा धुंडाळणाराही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह ही प्रचंड गुहा आहे. तिच्या ज्या भागाचा नकाशा त्याने स्वतः काढला होता, तोच त्याने खेळात उतरवला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

मड खेळायचा तो असा. पडद्यावर चार ओळी उमटतात : तुम्ही कुठे आहात, समोर काय पडलंय, वाटा कोणत्या, आणखी कोण उभं आहे. खाली तुम्ही टाइप करता, ‘उत्तरेला जा’, ‘कंदील घे’, ‘दार उघड’. संगणक त्याचा परिणाम सांगतो. ‘आणखी कोण उभं आहे’ हीच खरी गंमत, कारण तो दुसरा खरा माणूस असतो आणि त्याच्या मनात काय आहे ते प्रोग्रामलाही माहीत नसतं. एसेक्सच्या मडमध्ये खजिना शोधायचा आणि तो नेऊन दलदलीत टाकायचा, की गुण मिळत. गुण साठत गेले की शेवटी खेळाडू ‘विझर्ड’ होई आणि त्याच्या हाती त्या जगात ढवळाढवळ करण्याची ताकद येई. झुंजीत मेलात, तर मात्र महिनोन्‌महिने वाढवलेलं पात्र कायमचं पुसलं जाई. आजच्या गेममध्ये मेल्यावर पुन्हा उठून उभं राहता येतं. तेव्हा असे लाड नव्हते. बाहेरच्यांना विद्यापीठाच्या संगणकावर प्रवेश मिळे तोही रात्री उशिरा, दिवसाची कामं आटोपल्यावर. तरी लोक टेलिफोनच्या तारेवरून येत.

बार्टल साध्या कष्टकरी वस्तीतून आलेला. जन्माने मिळालेली पायरी इथे चालू नये, माणूस आपल्या कर्तबगारीने वर चढावा, असा आपला हेतू होता, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं. जातीपातीच्या समाजात वाढलेल्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको. अक्षरांच्या जगात तुमचं आडनाव, रंग, कपडे कुणाला दिसत नाहीत. १९९६मध्ये त्याने खेळाडूंचे चार प्रकारही मांडले : गुण कमावणारे, जग धुंडाळणारे, गप्पा मारायला येणारे आणि दुसऱ्याला छळण्यात आनंद मानणारे. कुठलाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा, चौघेही सापडतील.

एसेक्सच्या मडनंतर त्याचा वंश भराभर वाढला. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथचा अ‍ॅबरमड अ‍ॅलन कॉक्सने लिहिला. तोच पुढे लिनक्सच्या कामामुळे नावारूपाला आला. १९८९मध्ये जेम्स अ‍ॅस्प्नेसच्या टायनीमडने लढाई जवळपास बाजूला ठेवली आणि खेळणाऱ्यांनाच खोल्या बांधू दिल्या. १९९१मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डिकूमड काढला. त्यात राक्षस मारा, अनुभव कमवा, पातळी चढवा हा साचा पक्का झाला. १९९९मध्ये चित्रमय एव्हरक्वेस्ट आला, तेव्हा तो डिकूचाच प्रोग्राम चोरून केलाय ही कुजबुज इतकी वाढली, की तसं नसल्याचं एव्हरक्वेस्टच्या प्रोग्रामरांनी शपथेवर लिहून दिलं. प्रोग्राम चोरला नव्हता, हे खरं. साचा मात्र तोच होता, आणि आजही तोच आहे.

लॅम्डामू या खेळावर थोडं थांबायला हवं. १९९०मध्ये अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेतल्या पावेल कर्टिसने तो सुरू केला. तिथे एका खेळाडूने शब्दांच्या करामतीने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचार ‘घडवून आणला’. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने १९९३मध्ये त्यावर लेख लिहिला आणि खळबळ उडाली. नुसत्या अक्षरांनी कुणाची विटंबना होते का? झाली, ज्यांच्यावर बेतलं त्यांनीच सांगितलं. त्या प्रकरणानंतर लॅम्डामूत अर्ज, मतदान, लवाद असा कारभार उभा राहिला. ऑनलाइन छळाबद्दल आज आपण जी चर्चा करतो, तिची पहिली फेरी तिथे होऊन गेली होती.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. विद्यार्थ्यांना परवडणारं होतं ते ‘शेल’ खातं : काळा पडदा, अक्षरं, चित्र नाही. वेबवरची चित्रं त्यांच्या नशिबी नव्हती. मडला मात्र तेवढंच पुरे होतं. जेमतेम सुविधेवर हा खेळ पुरेपूर चालतो, आणि माझ्या मते हीच त्याची सगळ्यात मोठी बाजू. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. चारशे चिन्हांचं वर्णन म्हणजे फक्त बाराशे बाइट. नेटवर्कची एक दांडी असली तरी ते पोचतं. दुसरी बाजू दृष्टिहीनांची. पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर असलं, की अंध खेळाडू डोळसाच्या बरोबरीने खेळतो. ऑल्टर ईऑनसारख्या इंग्रजी मडमध्ये असे खेळाडू मोठ्या संख्येने आहेत. बंदुकांच्या गेममध्ये त्यांना कोण विचारतो?

मग हे मराठीत का नसावं? पूर्वी अडचण तांत्रिक होती. मडशी जोडून देणाऱ्या टेलनेटच्या जुन्या व्यवहारात इंग्रजी मुळाक्षरांपलीकडे काही धड जात नसे. युनिकोडने ती मिटवली. आता अडचण व्याकरणाची, आणि ती मजेदार आहे. इंग्रजी खेळाला एक क्रियापद आणि एक नाम ओळखलं की भागतं. मराठीत ‘डबा’ हा ‘डब्यातून’ होतो, ‘दोर’ हा ‘दोराने’ होतो. ‘डब्यातून दोर काढ’ आणि ‘दोर काढ डब्यातून’ ही दोन्ही वाक्यं प्रोग्रामला कळायला हवीत. शिवाय ‘तू दमलास’ की ‘तू दमलीस’, हे ठरवल्याशिवाय खेळ एक ओळ पुढे सरकणार नाही.

क्राउदरची गुहा आठवा. तशी खेळात उतरवायला आपल्याकडे शकुंतला होती. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी अडीच फुटी रुळांची ही गाडी १९०३च्या सुमाराची. तिचं मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत धावलं. वाटेतली फाटकं लावायला-उघडायला गाडीतलेच कर्मचारी उतरत. खेळ लिहिणाऱ्याला याहून काय हवं? एकाने इंजिन सांभाळायचं, दुसऱ्याने उतरून फाटक लावायचं. दोघं असल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. मी लिहिलं तर असं लिहीन :

‘दारव्हा मोतीबाग. फलाटावर कापसाची बोंडं विखुरली आहेत. तिकिटाची खिडकी बंद. पश्चिमेला रूळ गवतात शिरतात. बाकावर एक म्हातारा बसला आहे. म्हातारा म्हणतो, “काहून उभा आहे बे? गाडी आली म्हंजे धावशीन का?” वाटा : पूर्व, पश्चिम, गाव.’

यातला म्हातारा पुण्याच्या बोलीत बोलला, तर खेळ तिथेच बंद करावा.

हे काम एका माणसाच्या आवाक्यातलं आहे. पायथन भाषेत मड बांधायला एव्हेनिया हा तयार सांगाडा मोफत मिळतो, आणि देवनागरी त्याला चालते. दारव्ह्यात, यवतमाळात, पुसदला कॉलेजात पायथन शिकणाऱ्या मुलांनी वर्षाच्या प्रोजेक्टला हजेरीपटाचा तोच तो प्रोग्राम पुन्हा लिहिण्यापेक्षा हे करून पाहावं. पाच खोल्यांपासून सुरुवात करा. म्हाताऱ्याच्या तोंडची वाक्यं घरातल्या आजोबांकडून लिहून घ्या, आणि खेळ तयार झाला की पहिल्यांदा तो एखाद्या अंध मित्राला खेळायला द्या.