तेलविहिरीतील पंप आणि वायूचा अडथळा

बोअरवेलच्या पंपाने हवा घेतली की पाणी तुटते, मोटार मोकळी फिरते आणि वेळीच लक्ष दिले नाही तर वाइंडिंग जळते. पंप-मोटार दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. तेलविहिरीत हेच घडले तर नुकसान फार मोठे होते. तिथे पंप हजारो फूट खोल असतो आणि तो वर काढायला रिग आणावी लागते. आखाती देशांच्या तेलक्षेत्रांत आपले अनेक बांधव फिटर, इलेक्ट्रिशियन म्हणून काम करतात. त्यांना आणि इथल्या कारागिरांनाही ही माहिती उपयोगी पडेल.

पंपाची रचना

अर्मेनियन वंशाचे अभियंते आर्मैस अरुतुनॉफ यांनी हा पंप विकसित केला आणि 1920च्या दशकात तो अमेरिकेतील तेलविहिरींत उतरला. सर्वांत खाली मोटार, तिच्यावर मोटारीत बाहेरचा द्रव शिरू न देणारा सीलचा भाग, त्यावर द्रव आत घेणारे तोंड आणि वर पंप, अशी त्याची मांडणी असते. पंपात एकावर एक अनेक इंपेलर बसवलेले असतात. मोटारीला लागून वर जाणारा द्रवच तिला थंड ठेवतो.

वायू येतो कुठून?

सोड्याची बाटली उघडताच दाब उतरतो आणि बुडबुडे सुटतात. तेलाचेही तसेच आहे. जमिनीखालच्या दाबाने वायू तेलात विरघळलेला असतो. पंप तेल खेचू लागला की विहिरीतील दाब उतरतो. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की वायू मोकळा होतो आणि तेलाबरोबर पंपात शिरतो.

इंपेलर द्रवाला बाहेरच्या बाजूला फेकतो. जड तेल फेकले जाते, हलका वायू मात्र मध्यभागी साचतो आणि तेलाची वाट अडवतो. शिवाय मिश्रण जितके हलके, तितका पंपाने निर्माण केलेला दाब कमी. वायू आणखी वाढला तर इंपेलर फिरत राहतो, पण तेल चढत नाही. यालाच ‘गॅस लॉक’ म्हणतात.

अशा वेळी मोटारीवरचा भार उतरतो आणि अँपिअर कमी होतात. कमी करंट म्हणजे मोटार सुखरूप, असे समजू नये. प्रवाह थांबल्यामुळे तिला थंडावा मिळत नाही आणि ती तापत जाते. म्हणून कमी भाराला ट्रिप होणारी व्यवस्था पॅनलमध्ये ठेवतात. अँपिअरचा काटा सतत खालीवर होऊ लागला तर ती वायूची पहिली सूचना असू शकते.

उपाय

पंप अधिक खोल बसवला तर तोंडाशी दाब जास्त राहतो आणि वायू कमी सुटतो. मात्र तेल विहिरीत शिरते त्या जागेच्याही खाली पंप नेला, तर मोटारीभोवती आवरण लावून प्रवाह तिच्या अंगावरून वळवावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे गॅस सेपरेटर. तो वायू वेगळा करून केसिंग आणि नळी यांमधल्या पोकळीत सोडतो. तिथून वायूला वर वाट मोकळी हवी. तिसरा उपाय इंपेलरच्या निवडीचा आहे. साधा, आडव्या प्रवाहाचा इंपेलर ढोबळमानाने 10 टक्के मोकळा वायू सोसतो, तर तिरप्या प्रवाहाचा त्याच्या दुपटीपर्यंत. मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह असेल, तर विहीर देईल तेवढेच तेल उपसता येते.

पंप ट्रिप झाल्यावर लगेच बटण दाबू नये. नळीतील द्रव खाली उतरताना पंप उलटा फिरू शकतो. त्याच क्षणी मोटार चालू केली तर शाफ्ट तुटण्याचा धोका असतो.

वायू प्रत्येक ठिकाणी वैरीच ठरतो असेही नाही. 1974मध्ये सापडलेल्या मुंबई हायच्या अनेक विहिरींत वायू मुद्दाम नळीत सोडून तेलाचा स्तंभ हलका करतात. त्या पद्धतीला गॅस लिफ्ट म्हणतात. तेच काम पंपाने करायचे असेल, तर वायूला आधी बाजूची वाट दाखवावी लागते.

जळालेली मोटार दुरुस्तीला आली की दोष वाइंडिंगचाच, असे धरून चालू नये. ट्रिप होण्याआधीचे अँपिअर विचारावेत. मूळ कारण राहिले, तर नवे वाइंडिंगही जळेल आणि बोल मात्र कारागिराला लागेल.