कॉफीच्या शहरातला कॉफीवर्ज्य पंथ

मॉर्मन या रूढ नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाने आपल्या भारतातील पहिल्या मंदिराची घोषणा एप्रिल २०१८मध्ये केली, आणि २ डिसेंबर २०२० रोजी बेंगळुरूत त्याच्या बांधकामाचा विधिपूर्वक आरंभ झाला. मंदिरप्रवेशाच्या अटींत मद्य, तंबाखू, चहा व कॉफी यांचा त्याग येतो. देशात सर्वाधिक कॉफी पिकवणाऱ्या राज्याच्या राजधानीत, जिथे पाहुण्यापुढे फिल्टर कॉफी ठेवणे हे साधे आतिथ्य आहे, तिथे शेवटची अटच बहुधा सर्वांत जड जात असणार.

हा नियम पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी २७ फेब्रुवारी १८३३ रोजी ओहायोतील कर्टलंड येथे ईश्वरी संदेश म्हणून सांगितला. त्यांचे उत्तराधिकारी ब्रिगम यंग यांच्या कथनानुसार, धर्मशिक्षणाच्या खोलीत कोंदलेला तंबाखूचा धूर आणि थुंकीने माखलेली जमीन हे त्याचे निमित्त होते. मूळ वचनात केवळ ‘उष्ण पेये’ असा उल्लेख आहे. त्याचा अर्थ चहा-कॉफी असा पुढे ठरला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६मध्ये ६५ अंश सेल्सियसहून अधिक उष्ण पेये ‘बहुधा कर्ककारक’ ठरवली असली, तरी त्यात नियमाचे समर्थन शोधणे चुकीचे होईल, कारण तो थंड कॉफीलाही लागू आहे, आणि त्याच संस्थेने कॉफीला कर्ककारक ठरवण्याइतका पुरावा नसल्याचे सांगितले.

कॅलिफोर्नियातील धर्मनिष्ठ मॉर्मन पुरुषांच्या पाहणीत संशोधक जेम्स एन्स्ट्रॉम यांना कर्करोगाने होणारे मृत्यू सर्वसाधारण गोऱ्या लोकसंख्येच्या जवळजवळ निम्मे आढळले. मात्र धूम्रपान न करणाऱ्या व नियमित प्रार्थनेला जाणाऱ्या अन्य पंथीयांतही मृत्युदर असाच कमी दिसला. याचा अर्थ, फायद्याचे श्रेय कॉफीत्यागाला देता येत नाही. मोठा वाटा तंबाखूत्यागाचा, आणि काही सहभक्तांच्या आधाराचा असावा. माळकऱ्याला कोणी मांसाहाराचा आग्रह करत नाही, तसेच इथेही सर्वांना ठाऊक असलेले व्रत आग्रह मोडून काढते. वैद्यकीय सल्ल्यामागे असे सामाजिक बळ क्वचितच असते.

भारतात या बळाची गरज कॉफीपाशी नाही, तंबाखूपाशी आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार धूम्रपान करणारे प्रौढ १०.७ टक्के, तर धूररहित तंबाखू, म्हणजे गुटखा, खैनी, मशेरी यांसारखे पदार्थ, वापरणारे २१.४ टक्के होते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा या सवयीशी असलेला संबंध निर्विवाद आहे.